डिस्क ‘वाकली’ म्हणून बदलताय? आधी हबचा गंज बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस, घर इंदूरला सुदामानगरात, आणि महिन्या-दीड महिन्यातून महूहून जाम घाट उतरून महेश्वरला चक्कर असते. ताशी शंभरच्या आसपास ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं. गॅरेजमध्ये सांगितलं, डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) वाकली आहे, लेथवर घासून घ्या नाहीतर बदला. तुम्हाला पुढच्या दोन्ही डिस्क आणि त्यांना दोन्हीकडून दाबणारे पॅड घरीच बदलायचे आहेत. पॅड कोणते घ्यावेत आणि हे काम पोर्चमध्ये जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

जमेल. पान्याचं काम म्हणाल तर एका चाकाला तास-सव्वा तास, पहिल्यांदा करताय म्हणून दोन तास धरा. पण खरी मेख पान्यात नाही. नवी डिस्क लावली की थरथर हमखास जाते, मग ती कशीही लावा. पाच-सात हजार किलोमीटरनंतर ती परत येते का, हे मात्र डिस्क लावताना हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या मधल्या फिरत्या भागाच्या, तोंडावर काय होतं यावर ठरतं. म्हणून त्या भागावर मी जास्त लिहिणार आहे आणि बाकीचं भरभर सांगणार आहे.

आधी ‘वाकली’ या शब्दाबद्दल. ओतीव लोखंडाची डिस्क रस्त्यावरच्या वापरात वाकणं फार दुर्मीळ. होतं ते वेगळंच. हबवर गंजाचा पापुद्रा असेल तर डिस्क अगदी किंचित तिरकी बसते. फिरताना तिची कड डावी-उजवीकडे लहरते, याला रनआउट म्हणतात. सुरुवातीला काही जाणवत नाही. पण ब्रेक सोडलेला असतानासुद्धा प्रत्येक फेरीला डिस्कची तीच उंच बाजू पॅडला निसटती घासत राहते. हजारो किलोमीटर असं चाललं की ती जागा बाकीच्यांपेक्षा पातळ होते. आता ब्रेक दाबला की पिस्टन (पॅडला मागून दाबणारा दट्ट्या) प्रत्येक फेरीला आत-बाहेर होतो, दाब कमी-जास्त होतो, आणि ते तुम्हाला स्टेअरिंगमध्ये जाणवतं. जाडीत ०.०२ मिलिमीटरच्या आसपास फरक पडला की संवेदनशील हाताला कळतो. म्हणजे आजच्या थरथरीचं मूळ बहुधा मागच्या वेळी डिस्क बसवली त्या दिवशीच पडलेलं असतं.

दुसरं कारण घाटाचं. डिस्क तापून लाल व्हायच्या बेतात असताना गाडी थांबवून पाय ब्रेकवर दाबून ठेवला तर पॅडचा माल त्याच जागी डिस्कवर चिकटतो आणि पॅडच्या आकाराचा डाग उमटतो. त्या जागी घर्षण वेगळं, म्हणून उष्णताही वेगळी. तापमान साधारण ६५०–७०० अंशांच्या वर गेलं तर तिथल्या लोखंडाची जात बदलून सिमेंटाइट नावाचा कठीण भाग तयार होतो. लेथवर वरचा थर निघतो, कठीण भाग खोल असतो तो राहतो, आणि थोड्याच दिवसांत तिथे परत उंचवटा येतो. घासून घेतलेली डिस्क परत त्रास देते ती अनेकदा यामुळे.

म्हणून काही उघडण्याआधी खात्री करा. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावरच येते का? ब्रेक न दाबताही ताशी ९०–१०० ला स्टेअरिंग हलत असेल तर तो चाकाच्या बॅलन्सिंगचा किंवा टायरचा दोष आहे, डिस्कवर पैसे घालू नका. स्टेअरिंगऐवजी सीट आणि पेडल हलत असेल तर मागच्या डिस्ककडे बघा. आणि नुकतंच पंक्चर काढलं असेल, एअर गनने बोल्ट वाटेल तसे आवळले असतील, तर आधी सगळे बोल्ट ढिले करून हाताने, टॉर्क रेंचने समान आवळून बघा. एकाच बाजूने जास्त आवळलेलं चाकही डिस्कला तिरकं दाबतं.

डिस्क घासून घ्यावी की बदलावी, हे जाडीवर अवलंबून आहे. प्रत्येक डिस्कच्या कडेला किंवा टोपीवर (मधल्या उंच भागावर) किमान जाडी कोरलेली असते. २५ मिमीच्या डिस्कला ती सहसा २२ असते, ३० मिमीच्या डिस्कला २७. मोजताना व्हर्नियर वापरू नका. कडेला न घासलेल्या भागाचा ओठ असतो, तो व्हर्नियरच्या जबड्यात येतो आणि आकडा फुगतो. मायक्रोमीटर घ्या, बाहेरच्या कडेपासून १०–१५ मिमी आत, आठ ठिकाणी मोजा आणि कागदावर लिहा. सर्वांत मोठा वजा सर्वांत छोटा आकडा म्हणजे तुमच्या थरथरीचं माप. ३० मिमीच्या डिस्कला २५ ते ५० चा मायक्रोमीटर लागतो हे विकत किंवा उसना घेताना लक्षात ठेवा. सर्वांत छोटा आकडा किमान जाडीच्या एक मिलिमीटर आसपास आला असेल तर लेथचा विचार सोडा. इतक्या वेगाच्या गाडीला, आणि तीही घाटात जाणारी, मी पातळ केलेली डिस्क लावत नाही. लोखंड कमी म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी.

ती जागा किती लागते याचा अंदाज घ्या. माणसांसकट १,६०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली की साधारण ६ लाख जूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातली सुमारे ७० टक्के पुढच्या दोन डिस्कवर. एका डिस्कचं वजन ९ किलो धरलं तर एका थांब्याला तिचं तापमान ५० अंशांच्या आसपास चढतं. हे काहीच नाही. पण उंचीने ३०० मीटर उतरताना तीच गाडी ४७ लाख जूल ऊर्जा सोडते, म्हणजे शंभरवरून साडेसात वेळा थांबवण्याएवढी. आणि घाटात वेग कमी, वाराही कमी, त्यामुळे डिस्क निवत नाही. ही सगळी ऊर्जा पेडलवर घ्यायची की गिअरवर, हे तुमच्या हातात आहे. उतारावर गिअरबॉक्स मॅन्युअलवर टाकून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. नवी डिस्क लावूनही जाम घाट ‘डी’मध्ये पेडलवर पाय ठेवून उतरणार असाल तर कोणताही पॅड फार दिवस टिकणार नाही.

आता पॅड. हे पूर्णपणे वापरावर अवलंबून आहे. तुमचा वापर रोज शहरात आणि अधूनमधून घाटात असा आहे. त्यासाठी मूळ दर्जाचे पॅड, किंवा रस्त्यासाठीच बनवलेले थोडे वरच्या तापमानाचे पॅड योग्य. पॅडच्या कडेवर छापलेल्या मजकुरात बहुतेक वेळा दोन इंग्रजी अक्षरं शेजारी-शेजारी असतात. पहिलं अक्षर थंड घर्षणाचं, दुसरं गरम घर्षणाचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. तुम्हाला ‘एफएफ’ किंवा त्यावरचा पॅड हवा, आणि दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं नको. म्हणजे तापल्यावर पकड घसरणार नाही. ही अक्षरं पॅडची सगळी गुणवत्ता सांगत नाहीत. झीज, आवाज, धूळ यांचा त्यात पत्ता नसतो. पण दुकानदाराच्या तोंडच्या वर्णनापेक्षा ती जास्त भरवशाची. युरोपची आर९० मान्यता छापलेली असेल तर अजून चांगलं.

ट्रॅकचे पॅड घेऊ नका. ते तापल्यावर अप्रतिम चालतात, पण सकाळी थंड असताना राजवाड्याच्या गर्दीत पहिला ब्रेक दाबाल तेव्हा धड पकडत नाहीत. वर किंचाळतात आणि डिस्क खातात. भोकांच्या डिस्कचाही मोह टाळा. त्या दिसायला छान, पण भोकाभोवती बारीक तडे जायला सुरुवात तिथूनच होते. खाचांच्या डिस्क चालतात, थोडा आवाज आणि पॅडची थोडी जास्त झीज सोसायची तयारी असेल तर. तुमच्या वापराला चांगल्या प्रतीची साधी हवेशीर (आतून हवा खेळणारी) डिस्क पुरेशी आहे, आणि वाचलेले पैसे ब्रेक ऑइलवर घाला. एक मात्र बघा: आतले पंखे वक्र असतील तर डिस्क डावी-उजवी वेगळी असते. पंख्यांची बाहेरची टोकं फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली हवीत. तरच हवा मधून बाहेर फेकली जाते. बाहेरच्या खाचांच्या दिशेवरून हे ठरवायचं नसतं.

सुटे भाग मागवताना नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. या गाड्यांना एकाच मॉडेलमध्ये ३१२ मिमी आणि ३४० मिमी अशा वेगवेगळ्या डिस्क येतात. चेसिस नंबर द्या, किंवा स्टेपनीच्या खड्ड्यातल्या अथवा सर्व्हिस बुकमधल्या स्टिकरवरचा ब्रेकचा पीआर कोड (गाडीत कोणता प्रकार बसवलाय ते सांगणारा) द्या. पुढचे दोन्ही डिस्क-पॅड एकदमच बदलायचे, एका बाजूचे कधीच नाही. सोबत कॅरिअरचे (पॅड ज्यात बसतात त्या चौकटीचे) नवे बोल्ट, स्टीलच्या क्लिपा आणि डिस्कचे छोटे स्क्रू मागवा. कॅरिअरचे बोल्ट आणि गाइड पिनचे (कॅलिपर, म्हणजे पिस्टन असलेला ब्रेकचा जबडा, ज्या पिनांवर सरकतो त्यांचे) चिकटद्रव्य लावून येणारे बोल्ट एकदाच वापरायचे असतात.

अवजारांत डायल गेज (डिस्कची लहर काट्याने दाखवणारं माप) आणि त्याचा चुंबकी स्टँड या दोन गोष्टी लोक वगळतात, आणि त्याच नेमक्या लागतात. सियागंजात हत्यारांच्या दुकानांतून साधा ०.०१ मिमीचा गेज मिळतो, तेवढा पुरे. टॉर्क रेंच २०० न्यूटन-मीटरपर्यंत जाणारा हवा. बाकी दोन एक्सल स्टँड, जॅक, गोटी पान्यांचा सेट, टी३० (चांदणीच्या आकाराचा) बिट, सी-क्लॅम्प, तारेचे ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचे दोन डबे, सिलिकॉन ग्रीस आणि मजबूत तार.

पोर्चची फरशी पेव्हर ब्लॉकची असेल तर जॅक आणि स्टँडखाली जाड प्लायचा किंवा लोखंडाचा तुकडा घाला, नाहीतर ब्लॉक एका बाजूने दबतो. फरशीला उतार असेल तर काम तिथे करूच नका. गाडी ‘पी’मध्ये, मागच्या चाकांना पुढून-मागून अडणी. चाक जमिनीवर असतानाच बोल्ट पाव फेरी ढिले करा. मग जॅक सिलच्या (दाराखालच्या कडेच्या) ठरलेल्या खुणेखाली रबराचा तुकडा घेऊन लावा, स्टँड लावा, गाडीला हाताने जोर लावून हलवून बघा आणि मगच आत हात घाला. नुसत्या जॅकवर, किंवा विटांवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे पॅड आणि क्लिप कशा बसतात हे अडलं की दुसऱ्या बाजूला बघता येतं.

कॅलिपर काढण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्याची पातळी बघा. पिस्टन मागे ढकलला की ऑइल तिथे चढतं आणि डबा आधीच काठोकाठ भरलेला असेल तर सांडतं. ते रंगाचा सत्यानाश करतं. स्वच्छ सिरिंजने थोडं काढून ठेवा. मग स्टेअरिंग वळवून जागा मोकळी करा. काही कॅलिपरच्या गाइड पिनला ७ मिमीची अॅलन की लागते. काहींना १३ मिमीचा बोल्ट असतो आणि मागची पिन १५ मिमीच्या पातळ पान्याने धरावी लागते. पॅडचा सेन्सर या गाड्यांत सहसा पुढच्या डाव्या चाकाला असतो, त्याची वायर आधी सोडवा. कॅलिपर सुटला की तो तारेने स्प्रिंगला टांगा. रबरी पाइपवर लोंबकळत ठेवलात तर पाइप आतून फाटतो आणि बाहेरून दिसत नाही.

जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. झटक्याने दाबला तर पिस्टन तिरका अडकतो. ऑइल बदलणारच असाल तर ब्लीड निपलला (कॅलिपरवरच्या ऑइल आणि हवा काढायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तो किंचित उघडा आणि घाण ऑइल बाहेर जाऊ द्या. सर्वांत काळं ऑइल कॅलिपरमध्येच साठलेलं असतं, ते वर ढकलण्यात अर्थ नाही. पिस्टनभोवतीचं धूळ अडवणारं रबर फाटलेलं असेल किंवा पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर इथेच थांबा. तो कॅलिपर दुरुस्त करायचा आहे, नवा पॅड घालून झाकायचा नाही.

मागची बाजू तुम्ही या वेळी करत नाही आहात, तरी पुढे करालच म्हणून एवढंच सांगतो. हँडब्रेकला दांडा असेल तर मागचा पिस्टन दाबायचा नसतो, खास हत्याराने फिरवत-फिरवत आत न्यायचा असतो. बटण असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये मोटर मागे घ्यावी लागते. त्याला क्लॅम्प लावून दाबलात तर मोटर आणि तिचा स्क्रू दोन्ही तुटतात.

कॅरिअरचे दोन मोठे बोल्ट काढा. लांब दांडा लागेल, गोटी पूर्ण बसलेली हवी. डिस्कचा टी३० स्क्रू बहुतेक वेळा गंजून घट्ट असतो. त्याच्या डोक्यावर हातोडीने दोन-तीन ठोके द्या, गंज सोडवणारं तेल लावून दहा मिनिटं थांबा, बिट हातोडीने ठोकून बसवा आणि मग फिरवा. डोकं खराब झालं तर ड्रिलने उडवा. घाबरू नका, डिस्कला धरून ठेवायचं काम चाकाचे बोल्ट करतात, स्क्रू फक्त जागेवर ठेवण्यापुरता असतो. डिस्क हबला चिकटलेली असेल तर टोपीवर, बोल्टांच्या भोकांच्या मध्ये, आलटून-पालटून ठोका. एकाच जागी घणाचे घाव घालू नका, मार बेअरिंगला बसतो.

आता आपण मुद्द्याच्या जागी आलो. डिस्क निघाली की हबचं तोंड दिसतं. इंदूरचे दोन-तीन पावसाळे पाहिलेल्या गाडीवर तिथे तपकिरी पापुद्रा आणि मधल्या गोल ओठाच्या कोपऱ्यात गंजाची कडक वळी असते. तारेच्या ब्रशने दोन फटके मारून लोक पुढे जातात. ते पुरेसं नाही. गणित बघा: हबच्या तोंडाचा व्यास १४० मिमी धरा. त्याच्या एका कडेला ०.०५ मिमीचा, म्हणजे पातळ कागदापेक्षाही पातळ असा गंजाचा कण राहिला. डिस्कवर जिथे आपण मोजतो तिथला व्यास ३२० मिमी. तिरकेपणा त्या प्रमाणात वाढतो आणि कडेला ०.११ मिमीचा रनआउट दिसतो. मान्य मर्यादा सर्वसाधारणपणे ०.०५ च्या आसपास असते. म्हणजे एका कणाने तुम्ही मर्यादेच्या दुप्पट गेलात, डिस्क कितीही महाग असली तरी.

त्यामुळे तारेच्या ब्रशनंतर ८० नंबरचा पेपर छोट्या सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून सगळं तोंड घासा, चकचकीत धातू दिसेपर्यंत. बोल्टांच्या भोकांच्या कडा उचललेल्या असतात, त्या सपाट कानशीने हलक्या हाताने बसवा. कोपऱ्यातली वळी जुन्या स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढा. नवी डिस्क त्या वळीवरच अडकून बसते आणि तोंडाला टेकल्यासारखी फक्त दिसते. ग्राइंडर लावू नका, त्याने खड्डा पडतो आणि तो गंजापेक्षा वाईट. एबीएसचा सेन्सर तिथेच जवळ असतो, त्याच्यावर ब्रश जाऊ देऊ नका. शेवटी ब्रेक क्लीनर मारून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं तपकिरी होतंय तोवर काम संपलेलं नाही. याच हाताने अलॉय व्हीलची आतली बाजूही घासून घ्या, कारण डिस्क हब आणि चाक यांच्यामध्ये दाबली जाते आणि घाण दोन्हीकडून त्रास देते. हबच्या सपाट तोंडावर ग्रीस लावायचं नाही. मधल्या गोल ओठावर अगदी पुसट थर चालतो.

नवी डिस्क डब्यातून काढल्यावर हात लावून बघा. तेलकट असेल तर ते गंजरोधक तेल आहे. ब्रेक क्लीनरने, किंवा गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवून लगेच कोरडी करा. राखाडी लेपाची कोरडी डिस्क असेल तर तो लेप काढायचा नसतो, पॅड तो स्वतःच घासून टाकतो. डिस्क बसवा, स्क्रू लावा आणि चाकाचे पाचही बोल्ट खाली योग्य जाडीचे वॉशर घालून ४०–५० न्यूटन-मीटरला, समोरासमोर क्रमाने आवळा. वॉशर नसतील तर बोल्ट मागे आत घुसतात, म्हणून हे विसरू नका. डायल गेजचा स्टँड सस्पेन्शनच्या घट्ट लोखंडी भागावर चिकटवा. अॅल्युमिनियमच्या भागावर चुंबक चिकटत नाही. टोक डिस्कच्या कडेपासून १० मिमी आत टेकवा आणि डिस्क हाताने हळू पूर्ण फिरवा.

काटा ०.०५ च्या आत राहिला तर छान. ०.०३ च्या आत आला तर मी समाधानाने पुढे जातो. जास्त आला तर उंच जागेवर खडूची खूण करा, डिस्क काढा, एका भोकाने म्हणजे ७२ अंशांनी फिरवून परत बसवा आणि परत मोजा. स्क्रू त्या भोकाशी जुळणार नाही, मोजण्यापुरता तो बाजूला ठेवा. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कमध्ये आहे. हबच्या जागीच राहिली तर हबवर अजून घाण आहे, किंवा हबच वाकडा आहे. हबची स्वतःची लहर डिस्क काढून थेट त्याच्या तोंडावर गेज लावून तपासता येते. ती ०.०२–०.०३ च्या वर असेल तर बेअरिंग-हब बदलल्याशिवाय कोणतीच डिस्क टिकणार नाही. खड्ड्यात जोरात आपटलेल्या चाकाच्या बाबतीत हे होतं. या मोजणीला दर चाकामागे वीस मिनिटं लागतात.

कॅरिअर परत लावण्याआधी पॅडच्या क्लिपा काढून त्यांच्या खालची जागा बघा. मालव्याची काळी माती पावसात तिथे शिरते, वाळून दगडासारखी होते आणि खाली गंज फुगतो. क्लिप वर उचलली जाते, पॅड घट्ट बसतो आणि ब्रेक सोडल्यावर मागे सरकत नाही. मग डिस्क सतत घासते आणि आपण परत पहिल्या पानावर. त्या जागा कानशीने स्वच्छ करा, नव्या क्लिपा घाला. पॅड बोटाने ढकलला की सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर तो बसलेला नाही. गाइड पिना पुसून त्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. साधं पिवळं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. पॅडच्या पाठीवर चिकट पट्टी असेल तर तिचा कागद सोलून लावा. पिस्टनच्या पोटात जाणारी स्प्रिंग असलेला पॅड आतल्या बाजूचा. काही पॅडवर बाण असतो, तो गाडी पुढे जाताना डिस्क जिकडे फिरते तिकडे.

आवळण्याचे आकडे गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, कारण कॅलिपर बदलला की ते बदलतात. अंदाज यावा म्हणून: गाइड पिना ३०–३५ न्यूटन-मीटर, पुढच्या कॅरिअरचे बोल्ट २०० च्या घरात, चाकाचे बोल्ट १२०. चाकाच्या बोल्टांचे आटे कोरडे ठेवा. तेल लावलेला बोल्ट त्याच आकड्याला जास्त ताणला जातो.

चाक लागलं, गाडी खाली आली. आता इंजिन चालू करून निघू नका. आधी पेडल दाबा. पिस्टन पूर्ण मागे गेलेले असतात, त्यामुळे पहिले आठ-दहा दाब पेडल सरळ तळाला जातं. ते घट्ट होईपर्यंत अर्ध्या-अर्ध्या दाबाने पंप करा, मग ऑइलची पातळी बघा, मग इंजिन सुरू करून परत दाबा. हे विसरून गाडी रिव्हर्स घेणारे फाटकावर जातात.

ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर आत्ताच बदला. डॉट ४ चं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि साधारण ३.७ टक्के पाणी गेलं की किमान हमी १५५ अंशांचीच उरते. घाटात कॅलिपर तिथपर्यंत सहज पोचतो. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं लागतं. पॅड कितीही भारी घ्या, याला उपाय नाही. या गाडीला ईएसपीसाठी (घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेसाठी) पातळ प्रकारचं डॉट ४ लागतं, डब्यावर ‘एलव्ही’ लिहिलेलं बघा. एक लिटर पुरतं. डबा सीलबंद हवा, मागच्या वर्षीचा अर्धा उरलेला नाही. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच ऑइल आहे, ते चुकूनही घालू नका. डॉट ५.१ चालतं. जुनं ऑइल नाल्यात किंवा गटारात ओतू नका. बाटलीत भरून, नाव लिहून, कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. ब्रेकची धूळही फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा.

मग रोवणी, म्हणजे पॅडच्या मालाचा सारखा थर डिस्कवर चढवणं. पॅडच्या कंपनीने पद्धत दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर पहाटे साडेपाचला, बायपासवर वाहतूक नसताना, मागे कोणी नाही हे आरशात बघून करा. पहिले आठ-दहा ब्रेक ताशी ६० वरून २० पर्यंत, मध्यम दाबाने. प्रत्येकामध्ये अर्धा मिनिट गाडी चालू द्या. मग सहा-आठ ब्रेक ८० वरून २० पर्यंत, जरा जोरात, पण एबीएस लागणार नाही इतपत. एकदाही पूर्ण थांबायचं नाही. गरम पॅड एका जागी दाबला की तोच डाग उमटतो ज्याच्यामुळे हा सगळा खटाटोप आहे. सिग्नलवर थांबावं लागलंच तर ब्रेक सोडून गाडी ‘एन’मध्ये ठेवा. थोडा वास आणि किंचित धूर येणं चालतं, पण पेडल खोल जाऊ लागलं तर लगेच थांबवा. शेवटी दहा-पंधरा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता चालवून डिस्क निववा. घरी आल्यावर डिस्कवर सारखा, निळसर-राखाडी थर दिसला पाहिजे. पट्टे-पट्टे दिसत असतील तर थर नीट बसलेला नाही. डिस्क पूर्ण निवल्यावर परत एकदा हीच फेरी करा.

नंतर काही बिघडलंच तर बहुतेक कारण ओळखीचं असतं. पेडल मऊ लागतंय: ब्लीडिंगमध्ये हवा राहिली. गाडी एका बाजूला ओढते: एक गाइड पिन अडकली, किंवा डिस्कवर ग्रीसचा हात लागला. एका चाकाला हात नेला की दुसऱ्यापेक्षा खूप जास्त गरम: पॅड मागे सुटत नाही. कमी वेगात किंचाळी: क्लिप चुकली, किंवा पॅडचा थर बसायचा आहे. पाचशे किलोमीटरनंतरही आवाज असेल तर उघडून बघा.

हे सगळं वाचून पोर्चला उतार आहे, स्टँड नाहीत किंवा कॅरिअरचा बोल्ट लांब दांड्यालाही हलत नाही, असं लक्षात आलं तर काम गॅरेजमध्ये द्या, त्यात कमीपणा काही नाही. तिथे फक्त उभं राहा आणि हबचं तोंड घासून डायल गेज लावायला सांगा. गेज नाही म्हणाले तर तुमचा घेऊन जा.

शंभर किलोमीटर झाले की चाकाचे बोल्ट १२० ला परत तपासा. हजार किलोमीटरला मायक्रोमीटरने त्याच आठ ठिकाणी नव्या डिस्क मोजून पहिल्या कागदाच्या बाजूला आकडे लिहा. आठही आकडे एकमेकांच्या ०.०१ च्या आत असतील तर घाटात गाडी पुन्हा न्यायला हरकत नाही.